विराटपर्वाचे पान

सोलापुरातल्या एका वाचनालयाचा बालविभाग मी सांभाळते. मे महिन्यात ऊन चढण्याआधी, सकाळी आठलाच, आमच्या मुलांची पुस्तकचर्चा भरते. त्या शनिवारी रोशनी चोक्शी यांच्या ‘आरू शाह’ या पाच भागांच्या इंग्रजी मालिकेतला २०२० साली आलेला तिसरा भाग, ‘ट्री ऑफ विशेस’, चर्चेला होता. पांडवांचे आत्मे घेऊन आजच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुली या भागात कल्पवृक्षाच्या शोधात निघतात, आणि निकिता व शीला या जुळ्या बहिणी आल्यामुळे नकुल-सहदेवांच्या जागाही भरतात.

आठवीतल्या एका मुलाची तक्रार होती की, संकट दाराशी आले तरी पात्रे कोट्या करीत राहतात, त्यामुळे भीती वाटायच्या आतच ओसरते. मला ती पटली. दुसरीला अर्जुनाचा आत्मा घेऊन जन्मलेल्या नायिकेची, आरूची, घालमेल आवडली होती. ज्याच्याशी लढायचे तोच आपला बाप, हे तिला पहिल्या भागापासून ठाऊक असते. (ज्यांनी पहिला भाग वाचलेला नाही, त्यांची क्षमा मागते.)

एवढ्यात नातवाच्या नावावरचे तेच पुस्तक परत करायला आलेले एक आजोबा टेबलाशी थांबले आणि म्हणाले, “अर्जुनाला मुलगी करून टाकले! मूळ महाभारतात हे कुठे आहे, ते दाखवा.”

पुस्तक मीच निवडलेले असल्याने असा प्रश्न येणार हे गृहीत धरून मी उत्तराची जुळवाजुळव करून ठेवली होती. पण पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी एक मुलगी माझ्याआधी बोलली. “आजोबा, शशिरेखा तरी मूळ महाभारतात आहे का?” तिच्या आजीचा १९५७ चा तेलुगू चित्रपट ‘मायाबाजार’ पाठ होता. बलरामाच्या त्या मुलीचे रूप घेऊन घटोत्कच लग्नमंडपात कसा धुमाकूळ घालतो, हे तिने इतके रंगवून सांगितले की आजोबा मध्येच उद्गारले, “अगं, ही तर आमची वत्सला! अभिमन्यूची बायको!”

मग तिला शोधण्यासाठी त्यांनी संदर्भ विभागातून मराठी महाभारताचे खंड मागवले. अभिमन्यूचे लग्न विराटपर्वात लागते, पण ते उत्तरेशी. वत्सलेचा तिथे पत्ताच नाही. आजोबा पाने मागे उलटत गेले आणि एका ठिकाणी त्यांचे बोट थांबले. स्त्रीवेष घेतलेला अर्जुन, बृहन्नडा होऊन, त्याच उत्तरेला नृत्य शिकवीत होता. मुलगी त्यांच्या खांद्यावरून वाचत होती, पण काही बोलली नाही. आजोबांनीच चष्मा काढून पुसला.

मालिकेचा चौथा भाग आमच्याकडे नव्हता. निघताना त्यांनी नातवाचा सभासद क्रमांक घालून मागणीच्या वहीत त्या भागाचे नाव लिहिले, आणि परत केलेल्या तिसऱ्या भागाच्या अभिप्रायाच्या चिठ्ठीवर दोनच शब्द: ‘कोट्या फार.’