दिंडी, खण आणि माझं कपाळ

कसबा पेठेत मित्राच्या काकांच्या वाड्यात पहिल्यांदा गेलो तेव्हा कपाळ आपटलं. मोठा दरवाजा कायम बंद, त्यातली छोटी दिंडी तेवढी उघडी, आणि मी मोबाईलमध्ये बघत चालतोय, मग दुसरं काय होणार. काकू आतूनच म्हणाल्या, "वाकून यायचं हो, पेशवेही वाकूनच यायचे." पेशवे ह्या वाड्यात कशाला आले असतील, पण पुण्यात असल्या गोष्टी क्रॉसचेक करायच्या नसतात.

दिंडी म्हणजे त्या काळची सिक्युरिटीच की. एका वेळी एकच माणूस, तोही मान खाली घालून, म्हणजे दाराच्या आतल्या देवडीतल्या पहारेकऱ्याला आधी पाहुण्याचं डोकं दिसणार, तलवार नंतर.

आत चौक, चौकाभोवती ओसरी, वर माडी. काका घर स्क्वेअर फुटात सांगतच नाहीत, "हा सोपा पाच खणी" म्हणतात. सोपा म्हणजे ओसरीच, आणि दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. बराचसा भार खांब आणि त्यांवरच्या आडव्या तुळयांवर, भिंती नुसत्या मधे भरलेल्या, विटा आणि माती. त्या मातीमुळेच १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं तेव्हा मातीचा चिखल होऊन वाडेच्या वाडे बसले. जे वाचले त्यांना भाडेकरू कायद्याने हळूहळू संपवलं. १९४७ पासून भाडी जवळजवळ गोठलेली, त्यात कौलं शाकारायची की खांब बदलायचे? मालकाला परवडेना आणि भाडेकरू म्हणे मी का करू, दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि गळतं ते गळतंच.

तांबट आळी इथून जवळच. दुपारी चौकात बसलं की तांब्याची भांडी ठोकण्याची, म्हणजे मठारकामाची ठकठक अजून ऐकू येते, एकसारखी, आधी डोकं उठतं मग झोप लागते.

आता वाडा रीडेव्हलपमेंटला जाणारे. पार्किंग, लिफ्ट, सगळं येणार, आणि काकूंना गुडघ्यांमुळे लिफ्ट हवीच आहे, उगाच गळे काढण्यात अर्थ नाही. नावात "वाडा" तेवढं ठेवणार म्हणे बिल्डर.

परवा एका हॉटेलात जेवायला गेलो तर मधोमध वाड्यातले असतात तसे चार सुरूदार खांब, वर कोरलेली केळफुलं, पॉलिश करून चकचकीत. खाली मिसळ. मी सवयीने खण मोजले. खांबांवर तुळईच नव्हती.