आमची वाटचाल : झाकले जाणारे काम

बांधकामाच्या व्यवसायात केलेल्या कामाचा मोठा भाग कामाच्या ओघातच नजरेआड होतो. पायावर माती पडते, सळयांवर काँक्रीट येते, भिंतीतल्या नळांवर गिलावा चढतो आणि इमारत ताब्यात घेताना मालकाला दिसतात ते रंग, फरशी आणि दारे-खिडक्या. आमच्या छोट्या कंपनीची वाटचाल लिहायची ठरवली तेव्हा पूर्ण झालेल्या कामांची यादी द्यावी असे प्रथम मनात आले होते. घरे, शाळेच्या खोल्या, पाण्याच्या टाक्या आणि ओढ्यांवरच्या काही मोऱ्या एवढी ती यादी होते, पण ती वाचून आम्ही काम कसे करतो हे कोणाला कळले नसते. म्हणून जे झाकले गेले, त्याविषयी लिहितो आहे.

सुरुवात मला धरून सात माणसांनी झाली. मी एका कंत्राटदाराकडे पर्यवेक्षक होतो. मजुरीचे कंत्राट स्वतंत्रपणे घ्यायचे ठरवले तेव्हा दोन गवंडी, सळया वाकवून बांधणारा एक फिटर, सेंट्रिंगचे म्हणजे काँक्रीटला आकार देणाऱ्या फळ्यांचे काम करणारा एक सुतार आणि दोन बिगारी माझ्यासोबत आले. मिक्सर भाड्याचा होता आणि सेंट्रिंगच्या फळ्या उसन्या आणलेल्या होत्या. पहिले काम शाळेच्या दोन वर्गखोल्यांचे मिळाले. पायाचे खड्डे खणून झाले त्याच रात्री जोराचा पाऊस आला. सकाळी पंप लावून पाणी उपसले आणि काँक्रीट सुरू करा असे मी सांगितले, कारण खडी-वाळू येऊन पडली होती आणि मिक्सरचे भाडे चालू होते. आमच्यातले वयाने सर्वांत मोठे मिस्त्री काही न बोलता खड्ड्यात उतरले आणि त्यांनी हातातली सळई तळाशी टेकवून नुसती दाबली. ती वीतभर आत गेली. "भाऊ, हा गाळ निघाल्याशिवाय मी थापी हातात घेणार नाही," एवढेच ते म्हणाले.

त्यांचे म्हणणे पूर्ण बरोबर होते. साचलेल्या पाण्याने तळाची माती मऊ होते, इमारतीचे वजन आल्यावर ती दबते आणि प्रत्येक खड्ड्यात ती सारखी दबत नसल्याने एक खांब शेजारच्या खांबापेक्षा जास्त खचतो. भिंतींवर दिसणाऱ्या तिरप्या भेगांमागे अनेकदा हे असमान खचणेच असते, आणि तोवर पाया इतका खाली गाडला गेलेला असतो की उपाय करणे फार अवघड होऊन बसते. आम्ही घट्ट थर लागेपर्यंत माती काढली, वाढलेली खोली साध्या काँक्रीटने भरून घेतली आणि त्यात दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांच्या खर्चाने मी हवालदिल झालो होतो. कामावर अधिकार कोणाचा चालावा, याचा माझा विचार मात्र त्या सकाळपासून बदलला.

तरीही चूक झालीच. काही वर्षांनी एका दुमजली इमारतीच्या कामात, जेथे खांब आणि तुळया एकत्र येतात त्या सांध्यात सळयांची इतकी गर्दी झाली की 20 मिलिमीटरची खडी वरच अडकून राहिली आणि काँक्रीट हलवून घट्ट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई आतपर्यंत पोहोचली नाही. फळ्या काढल्यावर सांध्याच्या एका बाजूला खडी उघडी पडलेली आणि मधे पोकळ्या दिसल्या. अशा जागी सिमेंटचा हात फिरवून वरून गिलावा केला, तर तो दोष बाहेरून कोणालाही दिसत नाही. पण काँक्रीट मुळात अल्कधर्मी असते आणि त्याच गुणामुळे आतली सळई गंजापासून सुरक्षित राहते; पोकळीतून हवा आणि ओल आत शिरली की ते संरक्षण संपते. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो, त्यामुळे तो काँक्रीटला आतून फोडतो आणि तुकडे निखळू लागतात.

आमच्याकडे नुकतीच रुजू झालेली अभियंता तेव्हा तिच्या पहिल्याच कामावर होती. तिने सांध्याचे फोटो काढले, माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाली, "सर, हा भाग फोडावा लागेल, आणि मालकांना आपणच सांगावे लागेल." आम्ही वरच्या स्लॅबला टेकू देऊन भार उतरवला, घट्ट काँक्रीट लागेपर्यंत छिन्नीने सैल भाग तोडला आणि बारीक खडीचे काँक्रीट थोडे थोडे भरून तो सांधा नव्याने केला. काम लांबले. मालकांनी पुढचे काम आम्हाला दिले नाही आणि त्यांची नाराजी रास्त होती, कारण सळयांची ती गर्दी नकाशावरच लक्षात यायला हवी होती. एका तुळईच्या सळया दोन थरांत घेतल्या असत्या, खडी लहान मापाची मागवली असती, तर फोडण्याची वेळच आली नसती.

त्यानंतर आम्ही एक पद्धत घातली आणि ती आजवर मोडलेली नाही. काँक्रीट ओतण्यापूर्वी फिटर, सेंट्रिंगचा मुकादम आणि अभियंता या तिघांच्या सह्या झाल्या पाहिजेत; सळयांमधले अंतर आणि सळई फळीपासून दूर ठेवणाऱ्या ठोकळ्याची म्हणजे कव्हर ब्लॉकची जाडी मोजपट्टीसकट फोटोत आली पाहिजे; आणि तिघांपैकी कोणीही नाही म्हटले तर मला काम सुरू करता येत नाही. हे सर्व फोटो, भिंतीतून गेलेल्या नळांच्या व तारांच्या मापांसह, एका फाइलमध्ये लावून आम्ही किल्ल्यांबरोबर मालकाच्या हाती देतो. पुढे भिंतीला भोक पाडायचे असले की लोक ती फाइल काढतात. फाइल पाहून बोलावणी येतात तेव्हा मला मनापासून समाधान वाटते, कारण झाकलेले काम निदान कागदावर तरी उघडे राहिलेले असते.

पाण्याचा प्रश्न याहून अवघड होता, आणि त्यावर जरा सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. सिमेंटच्या वजनाशी पाण्याचे प्रमाण जितके वाढेल तितकी काँक्रीटची ताकद घटते, हा नियम डफ अब्राम्स या संशोधकाने 1918 मध्ये मांडला आणि आजही काँक्रीटच्या मिश्रणाचा विचार त्याच्याच आधारे होतो. 50 किलोच्या पोत्याला 0.5 हे प्रमाण धरले तर 25 लिटर पाणी लागते, आणि वाळू ओली असेल तर त्यातूनही वजावट करावी लागते. पण पातळ काँक्रीट घमेल्यातून लवकर सरकते, कोपऱ्यात आपोआप पसरते आणि दिवसभर वजन उचलून थकलेल्या माणसाला तेच बरे वाटते. मिक्सरवाल्याने एक बादली जास्त ओतली तर त्याला दोष देणे सोपे आहे. त्याला कारण कोणी समजावले होते का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा लागतो.

म्हणून एकदा आम्ही सगळ्यांसमोर दोन प्रकारचे ठोकळे भरले. 150 मिलिमीटरच्या साच्यांत काही ठोकळे पोत्याला मोजलेल्या 25 लिटर पाण्याचे होते, तर काही 40 लिटर पाण्याचे, आणि सर्व ठोकळे सारखेच दिवस पाण्यात ठेवले. 28 दिवसांनी मिक्सरवाला, गवंडी आणि घमेली उचलणाऱ्या बाया अशा सर्वांना घेऊन मी प्रयोगशाळेत गेलो. यंत्रावरचा काटा चढत गेला आणि जास्त पाण्याचा ठोकळा पहिल्याच्या निम्म्याच्या आसपास भार घेऊन फुटला. त्या आवाजानंतर खोलीत कोणी बोलले नाही. त्या दिवसापासून मिक्सरजवळ खुणा केलेला मापाचा डबा असतो, काँक्रीट घट्ट वाटले तर पाण्याऐवजी प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणारे रसायन, वापरला जातो, आणि 300 मिलिमीटर उंचीच्या शंकूने घट्टपणा तपासण्याचे काम तोच मिक्सरवाला स्वतः करतो. तपासणी अभियंत्याने करावी असा पूर्वी माझा आग्रह होता. ज्याच्या हातात पाणी आहे त्यानेच ती करावी, हे आता मला जास्त योग्य वाटते.

माणसांविषयी लिहिताना एक प्रसंग टाळता येणार नाही. नळ टाकण्यासाठी खणलेल्या चराची कड ढासळली आणि आमचा एक सहकारी कमरेपर्यंत गाडला गेला. तो वाचला, पण महिनाभर त्याला चालता आले नाही. एक घनमीटर माती दीड टनापेक्षा जास्त भरते, म्हणजे कमरेपर्यंतची माती हातांनी ओढून माणूस निघत नाही. खणून काढावा लागतो, आणि खणताना उरलेली कड पुन्हा खाली येण्याची भीती असते. चर वरून कोरडा आणि घट्ट दिसत होता, म्हणून आम्ही त्याला आधार दिला नव्हता. दोष माझा होता. आता दीड मीटरपेक्षा खोल चरात आडव्या फळ्या आणि टेकू लावल्याशिवाय किंवा कडा उतरत्या केल्याशिवाय कोणी उतरत नाही, आणि काढलेली माती काठावर रचली जात नाही.

आमचे फिटर शाळेत फार शिकलेले नाहीत, पण सळईच्या जाडीचा वर्ग करून 162 ने भागले की एक मीटरचे वजन किलोत निघते, हे गणित ते तोंडी करतात. 12 मिलिमीटरच्या सळईला 0.89, 16 च्या सळईला 1.58. नकाशा वाचायला ते आमच्याच अभियंत्याकडून शिकले आणि तिने सळई वाकवण्यातल्या खाचाखोचा त्यांच्याकडून घेतल्या. घमेली उचलण्यासाठी आलेल्या बायांपैकी तिघी आज फरशी बसवतात आणि एकजण गिलाव्याच्या टोळीची मुकादम आहे. हे आपोआप झाले नाही. हातात थापी दिली की सुरुवातीला काम सावकाश होते आणि तो वेळ कंत्राटदाराने आपल्या नफ्यातून द्यावा लागतो. एका मोठ्या कामाचे देयक बरेच महिने अडकले होते, तेव्हा आम्ही नवा घेतलेला मिक्सर विकून आठवड्याची मजुरी वेळेवर दिली. त्या काळात एकही माणूस सोडून गेला नाही.

गावासाठी, वस्तीसाठी काही करायचे तर देणगीपेक्षा आपल्याला येणारे काम द्यावे, असे आम्ही ठरवले आहे. बहुसंख्य छोटी घरे अभियंत्याशिवाय बांधली जातात, म्हणून महिन्यातला एक रविवार आमची अभियंता आणि मिस्त्री बांधकाम चालू असलेल्या घरांवर जातात. सळई फळीला चिकटली तर काय होते, काँक्रीटवर निदान सात दिवस पाणी का मारावे, जोत्यापाशी आणि खिडक्यांच्या वर सलग पट्टा घेतला की भूकंपात भिंती एकमेकींना कशा धरून राहतात, हे ते तिथेच दाखवतात. एका शाळेच्या छताची दुरुस्ती करताना आम्ही पावसाचे पाणी टाकीत आणण्याची सोय करून दिली. 100 चौरस मीटर छतावर 10 मिलिमीटर पाऊस पडला तर 1,000 लिटर पाणी पडते, हा हिशेब तिथल्या मुलांनीच फळ्यावर मांडला. कामावर येणाऱ्या आयांच्या लहान मुलांसाठी प्रत्येक मोठ्या कामावर एक सावलीची खोली आणि सांभाळणारी बाई असते. पूर्वी ती मुले खडीच्या ढिगाशेजारी खेळत, आणि ते पाहून आम्हाला फार वर्षे काहीच वाटले नाही याची खंत आहे.

सध्या एका आरोग्य केंद्राचे काम सुरू आहे. पायाचे 14 खड्डे आहेत आणि त्यांपैकी 11 तपासून झाले आहेत. आमचे वयोवृद्ध मिस्त्री आता परांचीवर चढत नाहीत, पण पायाच्या दिवसांत ते रोज येतात आणि काठावर बसून नव्या मुलांना सळई कुठे आणि किती जोराने दाबायची ते सांगतात. बाराव्या खड्ड्याच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात ती अजून आत जाते आहे. तेवढा भाग उद्या आणखी खोल काढायचा आहे, आणि काँक्रीटच्या गाड्या परवापर्यंत थांबवायला सांगितल्या आहेत.