दाढीच्या साबणाला पाणी किती?

कॅनमधला तयार फेस सोडून साबणाची वडी आणि ब्रश हाती घेतला, तेव्हा अडलं ते पाण्यापाशी. रेझर किती तिरका धरायचा हे लवकर जमलं. फेस मात्र कधी सुरेख व्हायचा, तर कधी, साबण आणि ब्रश तेच असूनही, निम्मी दाढी होईतो गालावरच वाळून जायचा.

वाटीत फेस करू लागलो तेव्हा गोम कळली. चेहऱ्यावर घोटताना गाल पांढरा झाला एवढंच दिसतं. वाटीत प्रत्येक टप्पा उघड असतो. ब्रश भिजवायचा, झटकायचा, नुसता ओलसर राहिला की साबणावर गोल गोल फिरवायचा, निदान अर्धा मिनिट तरी. टोकांवर दाट, चिकट लगदा जमला पाहिजे. साबणच कमी घेतला असेल तर पुढे घातलेलं पाणी धरून कोण ठेवणार?

मग थेंबाथेंबाने पाणी. ब्रशची टोकं पाण्याला टेकवायची, घोटायचं, परत टेकवायची. आधी फेस घट्ट आणि निस्तेज असतो, ब्रशला धरून बसतो. आणखी पाणी मिळालं की फुगतो, पांढराशुभ्र होतो, आणि नेमका इथेच हात थांबतो, कारण दिसायला काम झालेलं असतं. माझ्या मते सगळी मेख याच जागी आहे. हा फेस भरपूर असतो, पण निसरडा नसतो. त्यावर ब्लेड अडखळतं. अजून थोडे थेंब द्यावेत. फेस किंचित खाली बसतो, बुडबुडे दिसेनासे होतात आणि वर ओल्या रंगासारखी चकाकी येते. चिमटीत घेऊन बोटं घासून बघा: जराही खरखर लागत नसेल तर झालं. त्याच्याही पुढे गेलात तर मोठे बुडबुडे येतात, फेस ओघळतो. मग ब्रश पुन्हा साबणावर फिरवला की तो सावरतो. म्हणून मी कोरड्याकडून ओल्याकडे जातो. उलट दिशेने अंदाज बांधणं फार अवघड.

ब्रश बदलला की हा हिशोबही बदलतो. बॅजर या प्राण्याचे केस बरंच पाणी पोटात ठेवतात, त्यामुळे तो जास्त झटकावा लागतो. डुकराच्या केसांचा ब्रश आधी काही मिनिटं भिजत ठेवला तरच मऊ पडतो. सिंथेटिक फारसं पाणी शोषत नाही, असेल ते लगेच सोडून देतो. त्याला वरून पाणी देत राहावं लागतं.

एवढं करूनही फेस मरत असेल तर पाणी जड आहे का ते बघावं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतं, आणि तेवढा साबण वाया जातो. खात्री करायची सोपी रीत म्हणजे एकदा डिस्टिल्ड वॉटर वापरून बघणं. फरक पडला तर त्याच पाण्याने फेस करावा, नाहीतर साबण जास्त घ्यावा.

चेहराही आधी नीट भिजलेला हवा. कोरडी कातडी फेसातलं पाणी ओढून घेते, शिवाय ओला केस फुगून मऊ होतो आणि बराच कमी जोर लावून कापला जातो. आता दुसऱ्यांदा रेझर फिरवण्याआधी मी चेहरा परत ओला करतो आणि ब्रशच्या टोकांना दोन थेंब देतो, कारण तोवर उरलेला फेस थोडा सुकलेला असतो.