शेऱ्याचा रकाना

अण्णांची वही अजून माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. शंभर पानी, वर गणपती छापलेला, कडांना तेलाचे डाग. परत द्यायची आहे.

मी छातीविकार विभागात फिजिओथेरपिस्ट आहे. फिजिओथेरपी म्हटलं की लोकांना गुडघे शेकणं आठवतं, पण आमच्या खोलीत गुडघे येत नाहीत, धाप येते. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद झालेल्या, पेशंटला ३० मीटरच्या कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालवायचं आणि किती मीटर झाले ते लिहायचं, ही आमची मुख्य चाचणी. मध्येच पेशंट टेकला तरी घड्याळ थांबवायचं नाही. ‘छान चाललंय’ छापाची ठरलेली वाक्यं सोडून बोलायचं नाही. सोबत चालायचं नाही, नाहीतर तो आपल्या वेगाने चालायला लागतो. सकाळच्या त्या तासात कॉरिडॉरमधून ट्रॉली नेऊ नका, हे वॉर्डातल्या मामांना पटवण्यात माझी दोन वर्षं गेली.

अण्णा इचलकरंजीचे. चाळीस वर्षं यंत्रमागावर, शेवटची वीस जॉबर म्हणून, म्हणजे माग दुरुस्त करणारे. चोवीस मागांच्या खडखडाटात कुठला बिघडलाय ते नुसत्या आवाजावरून सांगायचे, असं त्यांची बायको, आमच्या काकी, कौतुकाने सांगतात. बिडी सुटून आठ वर्षं झाली होती. फुप्फुसांचं किती बिडीने खाल्लं आणि किती कापसाच्या धुळीने, हा हिशेब आता कुणालाच लागायचा नाही.

दोन महिन्यांत पाच वेळा ते रात्री अडीच-तीनला कॅज्युअल्टीत आले. दरवेळी ऑक्सिजन ९३-९४, एक्स-रे जुनाच, रक्तातले वायू त्यांच्या मानाने ठीक. वाफ द्यायची आणि सकाळी घरी. तिथल्या पोरांनी त्यांचं नाव ‘तीनची गाडी’ ठेवलं होतं. मला राग यायचा, पण मीही त्यांना तेच सांगत होते, जरा गोड आवाजात: “अण्णा, सॅच्युरेशन चांगलं आहे, काही झालेलं नाही.” धापेने घामाघूम झालेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे तुझं दुखणं खोटं, असंच सांगणं.

कोरोनापासून घरोघरी ऑक्सिमीटर आहे, तसा त्यांच्याकडेही होता. आकडे स्वतःच्या हाताने लिहिले की खात्री पटेल म्हणून वही मीच सुरू करून दिली. पट्टीने चार रकाने आखले: तारीख, वेळ, रीडिंग, शेरा. पहिल्या आठवड्यात दिवसाला चार नोंदी होत्या. चौथ्या आठवड्यात चाळीस. मग एके दिवशी त्यांनी विचारलं, “करंगळीला ९१ दावतंय, मधल्या बोटाला ९४. ह्यातलं खरं कुठलं, म्याडम?”

खरं तर दोन्ही. हे यंत्र दोन-तीन टक्के इकडेतिकडे दाखवतंच, बोट गार असलं तर आणखी. शिवाय या आजारात धाप आणि आकडा हातात हात घालून चालत नाहीत. अडचण हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडण्याची असते. नळ्या अरुंद, त्यामुळे श्वास सोडायला वेळ लागतो. घाबरलं की श्वास भराभर होतो, सोडायला वेळ मिळत नाही, जुनी हवा आत कोंडते, छाती फुगलेलीच राहते, नव्या हवेला जागा नाही. धाप वाढते, म्हणून भीती वाढते. या सगळ्यात ऑक्सिजन ९३ राहू शकतो.

यावर माझ्याकडे शिकवण्यासारखं बरंच आहे आणि ते मी चांगलं शिकवते, एवढा गर्व मला आहे. चहावर घालतो तशी फुंकर, ओठांचा चंबू करून, आत घ्यायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ. पुढे वाकून कोपर मांडीवर टेकवायचे. जत्रेत मिळतो तसला बॅटरीचा छोटा पंखा गालांवर आणि नाकाजवळ धरायचा. चेहऱ्याला वारा लागला की मेंदूला पोचणारी धापेची जाणीव मंदावते. भारी औषधं खिशात घेऊन फिरणारे पेशंट या पंख्याला हसतात आणि महिन्याने दुसरा मागतात.

मन मोजायला मात्र आमच्या फाइलमध्ये पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली होती. थकवा येतो का, झोप लागते का, भूक मंदावली आहे का? अहो, फुप्फुसाच्या कुठल्या पेशंटला यातलं काही नसतं! शरीराच्या तक्रारी बाजूला ठेवून विचारणारी हॅड्स नावाची प्रश्नावली आहे, तिचे कागद मागितले तर ‘आहे तीच भरा’ असं उत्तर आलं. नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी, जागतिक सीओपीडी दिनाला, रांगोळी स्पर्धेसाठी पैसे निघतात. विभागात समुपदेशक नाही. अण्णांना मानसोपचार विभागाची चिठ्ठी दिली तर ते उठूनच उभे राहिले: “मला काय रत्नागिरीला धाडताय व्हय?” म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ काकींना लिहून दिला. त्यांनी तो कॅलेंडरवर चिकटवला.

मग मी ऑक्सिमीटर बंद केला. काकींनी तो तूरडाळीच्या डब्यात दडवला. अण्णा चार दिवस चिडचिडले, पाचव्या रात्री झोपले. एकोणीस दिवस तीनची गाडी आली नाही. विभागाच्या मीटिंगमध्ये मी ही केस मांडली. टाळ्या पडल्या नाहीत, पण सरांनी मान हलवली, म्हणजे तेच.

विसाव्या दिवशी काकींचा फोन. “सकाळधरनं झोपूनच हायत. म्हटलं झोपूंदेत, लई दिसांनी झोप लागलीया.”

ती झोप नव्हती. कार्बन डायऑक्साइड साठून आलेली गुंगी होती. कफ तीन दिवस हिरवा पडत होता, पाय सुजले होते, आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. का? “म्याडम म्हनल्या, नुसती भ्या हाय.” तीन दिवस बायपॅपवर, म्हणजे मास्कमधून श्वासाला जोर देणाऱ्या यंत्रावर, होते. वाचले. यंत्र डब्यात नसतं तर ८२-८३ दाखवून त्याने घर उठवलं असतं. भीती ओळखायला मी शिकवलं. कफाचा रंग, पायाची सूज, दिवसाची गुंगी यांतलं काही दिसलं तर कुणाला फोन करायचा, हा एका कागदाचा मजकूर मात्र दिला नाही. डोक्यात होता. पुढच्या भेटीत देणार होते.

आयसीयूबाहेर काकींनी रिपोर्टच्या पिशवीतून वही काढून दिली. बसून राहण्यापेक्षा म्हणून मी ती चाळली आणि शेऱ्याचा रकाना पहिल्यांदा वाचला.

१.४०, ९३, ही झोपली.
२.१०, ९२, पंख्याला तेल पाहिजे.
२.३५, ९३, पोराला फोन करावा का. नको.
२.५५, ९३, बापू याच टायमाला गेला.

बापू त्यांच्या शेजारच्या मागावर होता. तोही धापेनेच गेला, रात्री, दवाखान्याच्या वाटेवर रिक्षात. शेजारी अण्णा बसलेले. हे काकींना माहीत होतं. ‘तुम्ही इचारलंच न्हाई’ असं त्या म्हणाल्या नाहीत, पण म्हणू शकल्या असत्या.

बापू त्या वहीत अकरा वेळा आहे. आणि प्रत्येक पानाखाली लाल पेनाने माझी बरोबरची खूण आहे. दर आठवड्याला मी आकड्यांच्या रकान्याची सरासरी काढून ती करत होते.

मानसोपचाराचे डॉक्टर नंतर वॉर्डातच येऊन बसले, दोनदा, खुर्ची ओढून. अण्णा त्यांना छातीचेच डॉक्टर समजले आणि घडाघडा बोलले. आम्हीही कुणी खुलासा केला नाही. बरोबर केलं की चूक, ठाऊक नाही. गोळी सुरू झाली आहे. ऑक्सिमीटर काकींच्या ताब्यात आहे, सकाळ-संध्याकाळ एकदा. आणि तो कागद आता फ्रिजवर आहे.

सोमवारी त्यांची चालण्याची चाचणी घेतली. चौथ्या मिनिटाला वळायच्या खुणेपाशी ते भिंतीला हात लावून थांबले. नियम मोडून मी विचारलं, “दम की भीती?”

फुंकर घालत त्यांनी दोन बोटं वर केली. “दोन्ही,” म्हणाले. “थांबा की जरा.”

घड्याळ चालूच होतं. १९० मीटर भरले.