मॅग्नेशियमची बाटली आणि आमच्या घरातला गोळ्यांचा डबा

वेचणीच्या दिवसांत पायात गोळे येणं आमच्या भागात कुणी आजार समजत नाही. दिवसभर वाकून कापूस वेचायचा, रात्री पोटरी आवळून आली की कुणीतरी तेल चोळून द्यायचं, विषय संपला. माझे गोळे मात्र हंगाम सरला तरी थांबेनात. पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याला फोनवर हे कळलं आणि दर्यापूरहून कुरिअरनं एक बाटली घरी आली. मॅग्नेशियम ग्लायसिनेट. "मामी, रोज दोन घ्या, आमच्या ऑफिसात सगळे घेतात."

ऑफिसातले सगळे तिशीच्या आतबाहेरचे. मी पन्नाशीला टेकलेली, थायरॉईडची गोळी सुरू, कॅल्शियमची सुरू, गॅसची तर किती काळापासून सुरू ते आठवत नाही. म्हणून बाटलीचं झाकण उघडण्याआधी तिची मागची बाजू वाचायला बसले. अक्षर इतकं बारीक की मोबाइलनं फोटो काढून मोठा करून पाहावा लागला.

पुढे ठळक अक्षरांत 2000 मिलिग्रॅम. मागे लिहिलेलं, हा आकडा दोन गोळ्यांचा. आणि त्यातलं 'इलेमेंटल' मॅग्नेशियम 280 मिलिग्रॅम. म्हणजे शरीराच्या हिशेबाचा आकडा 280. बाकीचं वजन त्याला जोडलेल्या ग्लायसिनचं. ग्लायसिनेटमध्ये खरं मॅग्नेशियम सुमारे 14 टक्के असतं, ऑक्साइडमध्ये 60 टक्के. म्हणून ऑक्साइडची 400 ची गोळी दिसायला लहान, पण तिच्यात 240 मिलिग्रॅम मॅग्नेशियम भरतं. ते अंगी कमी लागतं आणि पोट जास्त ढिलं करतं, हा भाग वेगळा. बाटलीवरचा पुढचा आकडा पाहून 'जास्त ताकदीची' बाटली निवडणारे लोक नेमकं काय निवडतात, मला कळत नाही.

मग घरातला गोळ्यांचा डबा काढला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात माझं, आत्याबाईंचं म्हणजे सासूबाईंचं आणि यांचं सगळं औषध एकत्र. सगळी पाकिटं ओट्यावर मांडली. माझ्या कॅल्शियमच्या गोळीत झिंक आणि डी जीवनसत्त्वासोबत 50 मिलिग्रॅम मॅग्नेशियम आधीपासून होतंच. आत्याबाईंच्या अ‍ॅसिडिटीच्या पातळ औषधावर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड लिहिलेलं. एकट्या बाटलीचा विचार करून भागत नाही हे तिथंच कळलं. भाच्याच्या सांगण्याप्रमाणे मी दोन घेतल्या असत्या तर कॅल्शियमच्या गोळीसह बेरीज 330 वर जात होती. अमेरिकेत गोळ्यांतून घ्यायच्या मॅग्नेशियमची मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाला 350 धरतात, युरोपात 250. ही मर्यादा जेवणातल्या मॅग्नेशियमला लागू नाही, गोळ्या, पावडरी आणि पातळ औषधांना आहे.

तालुक्याच्या डॉक्टरकडे जाताना मी डबाच पिशवीत घालून नेला. हे करून पाहा. 'एक पांढरी गोल गोळी आहे' असं सांगण्यापेक्षा डबा समोर ठेवला की डॉक्टर दोन मिनिटं जास्त देतात. त्यांनी पाकिटं एकेक करून पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला तो गोळ्यांचा नव्हताच: "ताई, तुमच्या गावचं पाणी कोणतं?"

आमचं गाव खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यातला अकोला, अमरावती आणि बुलढाण्याचा हा पट्टा, बोअरला खारं पाणी लागणारा. किडनीचा पेशंट नाही असं गाव इकडं शोधावं लागेल. नळाचं पाणी आलं तरी उन्हाळ्यात नळ रुसतात आणि लोक पुन्हा विहिरीकडे वळतात. पाण्याचा जडपणा येतो तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांनी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मॅग्नेशियम लिटरला 30 मिलिग्रॅमपर्यंत असावं असं म्हटलंय, दुसरा स्रोतच नसेल तर 100 पर्यंत. आमच्याकडं आलेल्या पाहुण्याचं पोट दुसऱ्या दिवशी बिघडतं त्यात यजमानीणबाईच्या हाताचा दोष फारसा नसतो. मॅग्नेशियम आणि सल्फेट जास्त असलेलं पाणी सवय नसलेल्याला जुलाब लावतं.

पण डॉक्टरांचा रोख किडनीवर होता. निरोगी किडनी जास्तीचं मॅग्नेशियम लघवीतून काढून टाकते. किडनी कमजोर असली की ते रक्तात साठत जातं. आधी मळमळ, सुस्ती, चेहरा लाल होणं, मग बीपी उतरणं, हातापायातली ताकद जाणं. फारच वाढलं तर श्वास मंदावतो आणि हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कमजोर असली की वाढतो तो आकडा, मग मॅग्नेशियम. सोबत कॅल्शियम, पोटॅशियम आणि थायरॉईडची टीएसएच. आत्याबाई सोबत होत्याच, त्यांचंही रक्त दिलं. त्यांनाही रात्री गोळे येतात आणि बाटलीवर त्यांचा डोळा होता.

माझं क्रिएटिनिन ठीक आलं. मॅग्नेशियम 1.6, लॅबच्या कागदावर खालची मर्यादा 1.7. किंचित कमी. डॉक्टर म्हणाले, अंगातल्या सगळ्या मॅग्नेशियमपैकी एक टक्क्याहूनही कमी रक्तात असतं, निम्म्याहून जास्त हाडांत. त्यामुळे रक्ताचा आकडा बरा आला तरी आत कमतरता असू शकते, आणि कमी आला तर मात्र कारण शोधायचंच. माझं कारण त्यांना डब्यात सापडलं: गॅसची गोळी, पॅन्टोप्रॅझोल. या जातीच्या गोळ्या फार काळ चालल्या की काहींचं मॅग्नेशियम उतरतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2011 मध्ये तसा इशाराच दिलाय. कधीकाळी गुडघ्याच्या दुखण्यावरच्या गोळ्यांबरोबर सुरू झालेली ती गोळी, दुखणं गेलं तरी डब्यात राहिली होती. एकदम बंद केली तर आंबट ढेकर उसळतात, म्हणून हळूहळू कमी करून ती थांबवायची ठरली. ज्यांना ती खरोखर लागते, अल्सरवाले वगैरे, त्यांनी हे वाचून आपल्या मनानं बंद करू नये.

मला रोज एक गोळी सांगितली, दोन नाही. 140 आणि कॅल्शियमच्या गोळीतले 50, बेरीज 190. रात्री जेवणानंतर, काही आठवडे, मग पुन्हा रक्त.

आत्याबाईंचं क्रिएटिनिन 1.9 निघालं. वय 72. डॉक्टरांनी हिशेब करून सांगितलं की किडनी मिनिटाला 28 मिलिलिटरच्या आसपासच्या वेगानं गाळते आणि 30 च्या खाली मॅग्नेशियमची गोळी आपल्या मनानं द्यायचीच नाही. बाटली बंद, पातळ औषध बंद, बद्धकोष्ठाला दुकानातून आणतात ते मिल्क ऑफ मॅग्नेशियाही बंद. त्यांना किडनीच्या डॉक्टरकडं अमरावतीला पाठवलं.

घरी आल्यावर खरी परीक्षा. "तुह्या पायाले चालते, माह्या पायाले काऊन नाही चालत वो?" सुनेनं चांगली वस्तू स्वतःसाठी ठेवली असा त्या प्रश्नाचा सूर होता. मी दोन्ही रिपोर्ट समोर ठेवून समजावत बसले, उपयोग झाला नाही. शेवटी यांनी सांगितलं, "माय, तुही किडनी ते बाहेर फेकत नाही, आतच साचते." तेव्हा त्या गप्प झाल्या. पटलं म्हणून की लेक बोलला म्हणून, ते जाऊ द्या.

दुसरी अडचण धाकट्या दिराची. "वहिनी, येवढ्या महागाच्या बाटलीची काय गरज? कपाशीवर मारतो ते पोतं कोठ्यात पडलंच हाय. मॅग्नेशियम ते मॅग्नेशियम." कपाशीचं पान लाल पडलं, लाल्या आला, की आम्ही मॅग्नेशियम सल्फेट फवारतो. पानातल्या हिरव्या रंगाच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमच असतं, ते कमी पडलं की शिरा हिरव्या राहून मधला भाग लाल होतो. इथपर्यंत दिराचं खरं. पण पोत्यावर लिहिलंय साडेनऊ टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम. एक चहाचा चमचा, पाच ग्रॅम म्हटलं तरी पावणेपाचशे मिलिग्रॅमच्या घरात गेलं, आणि सल्फेट तर जुलाबाचंच औषध. शिवाय खताची शुद्धता झाडासाठी तपासलेली असते, माणसाच्या पोटासाठी नाही. गावात कुणी 'पोटाला चांगलं' म्हणून ते पाण्यात घालून पीत असेल तर थांबवा. मी पोतं कोठ्यातून फवारणीच्या औषधांच्या कुलूपबंद पेटीशेजारी हलवायला लावलं, कारण मिठाच्या खड्यासारखं दिसतं आणि घरात लेकरं आहेत.

गोळी सुरू झाल्यावर सगळा खटाटोप वेळेचा. थायरॉईडची गोळी पहाटे उपाशीपोटी. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम तिच्यापासून निदान चार तास दूर, नाहीतर थायरॉईडची गोळी आतड्यात नीट शोषलीच जात नाही. म्हणून पहाटे थायरॉईड, दुपारच्या जेवणानंतर कॅल्शियम, रात्रीच्या जेवणानंतर मॅग्नेशियम. हाडं ठिसूळ झाल्यावर आठवड्याला एकदा देतात त्या अ‍ॅलेन्ड्रोनेटच्या गोळीचंही असंच आहे; माझ्या जावेला ती आहे, तिलाही अंतर ठेवायला सांगितलं. सुरुवातीला माझं पोट थोडं ढिलं झालं. उपाशीपोटी न घेता भरल्या पोटी घेतल्यावर थांबलं. थांबलं नसतं तर गोळी बंद करून दाखवायला जायचं, असं आधीच ठरलेलं होतं.

पावसाळ्यात मला ताप आला. गवतात काम करणाऱ्याला ताप आला की आमच्याकडचे डॉक्टर आता स्क्रब टायफस, म्हणजे गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं येणारा ताप, मनात धरतात. 2018 ला विदर्भात त्याची साथ गाजली होती. डॉक्सीसायक्लीन ही अँटिबायोटिकची गोळी दिली. ही गोळी मॅग्नेशियमला चिकटली की दोन्ही वाया जातात, आणि त्यावेळी वाया जाऊन चालणार नाही ती डॉक्सीसायक्लीन. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचंही तेच. तासांचं अंतर मोजत बसण्यापेक्षा कोर्स संपेपर्यंत मॅग्नेशियम आणि कॅल्शियम दोन्ही बाजूला ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. तापात तास कोण मोजतं?

ताटाकडंही पाहिलं. आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे बाईला दिवसाला तीनशेहून जास्त मिलिग्रॅम मॅग्नेशियम लागतं, पुरुषाला त्याहून जास्त. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण 130 असतं, पॉलिश केलेल्या तांदळात 20 च्या घरात. माझ्या सासऱ्यांच्या काळात दोन्ही वेळा ज्वारीची भाकर होती. आता रेशनचा तांदूळ रोज शिजतो आणि ज्वारी पेरायलाच कुणी तयार नाही, रानडुकरं ठेवत नाहीत. मी एका वेळची भाकर परत आणली. जवसाची चटणी तर आमची हक्काची. दोन मोठे चमचे खाल्ली की पन्नासेक मिलिग्रॅम सहज जातं. तीळ, भुईमूग, फुटाणे आहेतच. आत्याबाईंचं ताट मात्र किडनीच्या डॉक्टरनं आखून दिलंय, त्यात मी हात घालत नाही.

गोळे गेले का? कमी झाले. मॅग्नेशियमनंच गेले असं मी छातीठोक सांगणार नाही, कारण त्याच काळात थायरॉईडचा डोस वाढला, गॅसची गोळी सुटली आणि झोपण्याआधी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायची सवय लागली. वयस्क माणसांच्या पायातल्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा म्हणावा तसा उपयोग होत नाही, असं कॉक्रेन या उपचारांचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा 2020 चा आढावा सांगतो. माझं रक्तात कमीच होतं, म्हणून माझी गोष्ट थोडी वेगळी. ज्याचं कमी नाही त्यानं केवळ गोळे येतात म्हणून बाटली मागवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

पुन्हा रक्त दिलं तेव्हा 1.9 आलं आणि डॉक्टरांनी गोळी थांबवली. बाटलीत बऱ्याच गोळ्या उरल्यात. भाच्यानं मागच्या आठवड्यात विचारलं, दुसरी पाठवू का, आणि आजीसाठी त्यातलीच पावडर मिळते, ती पण टाकू का. मी त्याला आत्याबाईंच्या क्रिएटिनिनच्या कागदाचा फोटो पाठवला आणि विचारलं, तुझं स्वतःचं कधी तपासलंस? अजून उत्तर आलं नाही.