पुणं हाताशी असताना नाशिक का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. २०२१ साली डोंबिवलीची जागा विकून आम्ही नाशिकला आलो, तेव्हापासून लग्नात, मुंजीत, पंचवटी एक्स्प्रेसच्या डब्यात कुणी ना कुणी हे विचारतंच, "अहो, पुणं हाताशी होतं ना? मग नाशिक कसं काय?" सूर असा, की डॉक्टरचं स्थळ चालून आलेलं असताना आम्ही मुलगी कारकुनाला दिली.

खरं तर पुण्याचंच ठरलं होतं. नणंद कोथरूडला, नवऱ्याचे दोन मित्र सिंहगड रोडला, मुलाचं कॉलेज संपत आलेलं आणि नोकऱ्या सगळ्या तिकडे. कागदावर दोन रकाने आखले, तर पुण्याचा रकाना पान उलटून मागे गेला. नाशिकच्या रकान्यात तीनच गोष्टी. हवा, द्राक्षं आणि सासूबाईंचं "गंगेवर जाता येईल". गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतात, आणि आईंचं माहेर भद्रकालीतलं. त्यांचं मत आम्ही मोजलंच नव्हतं, हे कबूल करते.

नवरा म्हणाला, दोन्हीकडे आठ-आठ दिवस राहून बघू, पण पाहुण्यांसारखं नाही. मी सुट्टी घ्यायची नाही, लॅपटॉपवर काम चालू ठेवायचं, भाजी आपण आणायची, कचरा आपण टाकायचा.

पुण्यात मित्राचा रिकामा फ्लॅट मिळाला. नवीनच हद्दीत आलेला भाग, चकाचक इमारत, खाली पोहण्याचा तलाव. पहिल्याच सकाळी साडेसहाला खाली मोठमोठ्याने बोलणं ऐकू आलं म्हणून गॅलरीत गेले. टँकर उभा, जाड पाइप टाकीत सोडलेला, आणि सोसायटीचे एक काका वहीत वेळ लिहून घेत होते. दुसऱ्या दिवशी दोन टँकर. तिसऱ्या दिवशी काकांचा आणि टँकरवाल्याचा वाद, टाकी पूर्ण भरली की नाही यावरून. पोहण्याचा तलाव अर्थातच कोरडा. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चार धरणं आहेत पुण्याला. पण महापालिकेची पाइपलाइन त्या सोसायटीपर्यंत अजून यायची होती.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. आम्ही ज्या पुण्याचं कौतुक ऐकत आलो, ते नणंदेचं पुणं. तिने वीस वर्षांपूर्वी घेतलेलं. आमचे पैसे जिथवर पोहोचत होते ते पुणं निराळंच होतं, आणि तिथून कोथरूडला जायला मला सव्वा तास लागत होता. शहरांची तुलना आम्ही करत होतो खरी, पण राहणार होतो त्या शहराच्या आपल्याला परवडणाऱ्या तुकड्यात. कागदावर त्याचा रकानाच नव्हता.

तेवढ्याच पैशात नाशिकला अशोकस्तंभाजवळच्या गल्लीत दुसरा मजला मिळत होता. जुनी इमारत, लिफ्ट नाही, जिन्यात कबुतरं. पण तिथून सार्वजनिक वाचनालय, म्हणजे इथल्यांचं 'सावाना', पायी. १८४०चं वाचनालय, आणि मी तिथे चपला काढून दिवाळी अंक चाळत बसते याचं मला आजही अप्रूप आहे. रविवार कारंजा पायी, गंगाघाट पायी.

त्या आठ दिवसांत बुधवार आला. बुधवारी गंगेवर बाजार भरतो, आईंना घेऊन गेले. गवारीच्या ढिगासमोर त्या अशा बसल्या की उठेचनात. एकेक शेंग मोडून बघत होत्या. भाजीवाली शेवटी वैतागून म्हणाली, "आजी, कुठल्या तुम्ही?"

"इथलीच," आई म्हणाल्या. डोंबिवलीत पंचेचाळीस वर्षं काढलेली बाई. तिथे कुणी विचारलं की "मूळची नाशिकची" म्हणायच्या.

परत येताना रिक्षात नवऱ्याने मला काही विचारलं नाही, मीही काही बोलले नाही. संध्याकाळी त्याने घरमालकाला फोन लावला.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल ही नाशिकची जाहिरात करतेय. हवा हवा म्हणतात ती मे महिन्यात चाळिशी गाठते. स्टेशन गावात नाही, नाशिकरोडला आहे, नऊ-दहा किलोमीटर. मला आठवड्यातून दोनदा मुंबईला ऑफिसला जावं लागतं; पंचवटी सातच्या सुमारास सुटते, म्हणजे सहाला घर सोडायचं, आणि परतीला द्वारका चौकात अडकायचं. कसाऱ्याला गाडीला मागून बँकर, म्हणजे घाट चढताना ढकलणारं जादा इंजिन, लागतो, धक्का बसतो आणि डबाभर माणसं झोपेतून उठून "आलं इगतपुरी" म्हणतात. तिथून पुढेही तास जातोच. त्यात २०२७च्या सिंहस्थासाठी गावभर खोदाई चालू आहे, रोज नवा रस्ता बंद.

आणि नोकऱ्या. सातपूर-अंबडला कारखाने आहेत, ओझरला एचएएल आहे, पण कॉम्प्युटरवाल्या पोराला इथे फारसं काही नाही. म्हणून ज्याच्यासाठी पुण्याला जाणार होतो तो गेलाच शेवटी पुण्याला, हिंजवडीत. नारायणगाव, संगमनेर, सिन्नर करत एसटीने येतो, आणि चाकणच्या कोंडीवर पोचल्यापासून अर्धा तास बोलतो. नाशिक-पुणे रेल्वे होणार हे मी इथे आल्यापासून ऐकतेय. पंचविशीतल्या कुणी मला विचारलं तर मी पुणंच सांगते, अगदी टँकरसकट. बिऱ्हाडात सत्तरीपुढचं माणूस असेल तर मात्र आधी विचारते, त्यांना पायी कुठे जाता येईल?

एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली नव्हती. रामकुंडाजवळ नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुती आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की बातम्यांत क्युसेक सांगतात, पण नाशिककर मारुतीवरून पूर मोजतात. पहिल्या पावसाळ्यात आकडे ऐकून मी घाबरले होते. खालच्या किराणावाल्याला विचारलं, तर तो साखर पुडीत बांधता बांधता म्हणाला, "गुडघ्यापर्यंतच आहे, ताई." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी ज्याच्या त्याच्या गुडघ्याकडे बघत घरी आले. कुणाच्या गुडघ्यापर्यंत ते आईंनी सांगितलं.

मागच्या पावसाळ्यात एकदा रात्री मुलाचा हिंजवडीहून फोन आला. तिकडेही धो धो चालू होता, मुठेला पाणी सोडलेलं. मी त्याच्याच काळजीत. तो म्हणाला, "ते राहू दे, आजीला दे. मारुती कुठपर्यंत?"

आईंनी फोन घेतला. "छातीपर्यंत गेलं होतं दुपारी," म्हणाल्या, "आता उतरतंय. तू जेवलास का?"