पहिल्यांदा खऱ्या कातळावर चढताना

क्लाइंबिंग जिमच्या भिंतीवरचे रंगीत होल्ड, म्हणजे हातापायांच्या पकडी, बोल्टने आवळलेले असतात. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये तशी हमी नाही. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हे डोंगर झाले. एखादा थर घट्ट, दुसरा सच्छिद्र आणि ठिसूळ, मधे घसारा. म्हणून पकड धरण्याआधी ती तळव्याने ठोकून बघायची. पोकळ आवाज आला तर सोडून द्या. दुसरा पर्याय नसेल तर खालच्या दिशेने दाबून वापरा, स्वतःकडे ओढू नका. सुटा दगड बहुतेकदा बाहेर ओढल्यावर निखळतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पावसाळ्यात शेवाळ असतं आणि उन्हाळ्यात काळा कातळ हात ठेवू देत नाही. सकाळी पश्चिमेकडे तोंड असलेला कडा सावलीत असतो. जवळपास आग्या मोहोळ आहे का, हे गाईडला आधी विचारा. अत्तर, धूर, आरडाओरडा तिथे नको.

नवख्यांसाठी गाईड टॉप रोप लावतो, म्हणजे दोर वरच्या अँकरमधून (कातळात पक्क्या केलेल्या आधारातून) खाली आलेला असतो. अँकर किमान दोन, एकमेकांवर अवलंबून नसलेले असावेत. जुन्या मेखा पावसाने गंजतात, म्हणून दोर कशाला बांधलाय हे विचारायला लाजू नका. चांगला गाईड स्वतःहूनच सांगतो.

हार्नेसचा, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायच्या साजाचा, पट्टा कमरेच्या हाडांच्या वर बसवा. आत सपाट तळवा जावा, मूठ जाऊ नये. दोर हार्नेसच्या पुढच्या दोन्ही फासांतून घेऊन फिगर ऑफ एट, म्हणजे इंग्रजी आठच्या आकाराची गाठ, बांधा. गाठीत दोराच्या पाच समांतर जोड्या दिसल्या पाहिजेत आणि शेपूट वीतभर हवं. मग बिलेयरचा (खाली उभं राहून दोराचं दुसरं टोक सांभाळणाऱ्याचा) कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची धातूची कडी, लॉक आहे का ते तुम्ही बघा, तुमची गाठ त्याला बघू द्या. हे दर चढाईला, दहाव्यांदासुद्धा.

आता एक गोष्ट, जी पुरेशी सांगितली जात नाही. कडा 15 मीटरचा असेल तर सुरुवातीला तुमच्या आणि बिलेयरच्या मध्ये जवळजवळ 30 मीटर दोर असतो. चढाईचा दोर ताणला जावा असाच बनवलेला असतो. 80 किलो वजनाखाली तो 7-8 टक्के लांबतो. म्हणजे पहिल्या दीड-दोन मीटरवर पाय सुटला तर दोर असूनही जमीन लागू शकते. म्हणून तळाशी बिलेयरने दोर घट्ट ठेवावा आणि तुम्ही निघण्याआधी 'टाइट' म्हणून तो ताणलेला बघावा.

चढताना भीतीने कातळाला मिठी मारली जाते आणि तिथेच पाय घसरतो, कारण वजन बुटाच्या तळावरून सुटतं. कंबर थोडी बाहेर, टाच खाली, पावलं छोटी. हात शक्य तितके सरळ; सतत वाकवून धरले तर काही मिनिटांत मनगट ते कोपर दगडासारखं घट्ट होतं आणि बोटं उघडतात. पिंढरी थरथरायला लागली तर टाच खाली सोडा, थांबते.

वर पोहोचल्यावर 'टेक' म्हणा, दोर ताणला की त्यात बसा, मगच हात सोडा. उतरताना मागे रेला, पाय खांद्याइतके फाकवा, दोराला किंवा कातळाला पकडू नका. जमिनीवर नीट उभं राहून 'ऑफ बिले' (आता दोर सांभाळायला नको) म्हणेपर्यंत गाठ सोडायची नाही. हेल्मेट मात्र त्यानंतरही डोक्यावरच: पुढचा माणूस चढतोय, त्याच्या पायाखालचा दगड तुमच्याकडेच येणार. 'दगड!' अशी आरोळी आली तर वर बघू नका, भिंतीला चिकटा.